कोल्हापूरहून अंगकोरला: उन्हाच्या देशात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कंबोडियाला जायचं म्हटलं की कोल्हापुरात ठरलेले प्रश्न येतात. खायला काय मिळतं? ऊन सोसंल का? आणि एवढ्या लांब जाऊन देवळंच बघायची असतील तर आपल्याकडं काय कमी आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते. समुद्रमंथन, कुरुक्षेत्र, लंकेचं युद्ध, यमाचा दरबार या गोष्टी लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला अंगकोरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या देवळांच्या परिसरात, जेवढं दिसतं, तेवढं बाकीच्या पर्यटकांना गाईडनं समजावूनही दिसत नाही. अर्धी तयारी आपल्या घरातच झालेली असते. उरलेली अर्धी तयारी म्हणजे कागदपत्रं, पैसे आणि ऊन. हा लेख तेवढ्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. या देशात दिवस घड्याळावर लावू नका, उन्हावर लावा. आणि देवळं कमी बघा, पण बघाल ती नीट वाचा.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुसह्य काळ. मार्च ते मे भाजून काढणारे महिने. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो. मे ते ऑक्टोबर पावसाळा.

कोल्हापूरकराचा इथं एक गैरसमज होतो. ‘आम्ही पण मे महिन्यात अडतीस डिग्री बघतो की.’ बघतो, पण आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. आपल्याकडं उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटतो, रात्री अंगण गार होतं. सिएम रीप हे अंगकोरजवळचं गाव जवळजवळ समुद्रसपाटीला, मोठ्या तळ्याच्या काठच्या सपाट मैदानात आहे. हवेत दमटपणा एवढा की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. रात्रही फारशी सुटका देत नाही. त्यामुळं तापमानाचा आकडा बघून अंदाज बांधू नका.

शाळेच्या सुट्टीतच जमणार असेल, तर एप्रिल-मेऐवजी दिवाळीच्या सुट्टीत जा. पाऊस ओसरलेला असतो, खंदक आणि तळी भरलेली असतात, भातशेती हिरवी असते.

सणांची सांगड घालता आली तर फार चांगलं. त्यांची पंचांगाची मांडणी आपल्याला ओळखीची वाटेल. ‘प्चुम बेन’ हा पंधरा दिवसांचा पितरांचा काळ साधारण आपल्या पितृपंधरवड्याच्याच सुमाराला येतो. उजाडायच्या आधी लोक विहारात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, टाकतात. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे पंचगंगेच्या घाटावर आपण दिवे लावतो तेव्हा, तिथं ‘बोन ओम तूक’ हा पाण्याचा उत्सव असतो आणि नदीत लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात. एप्रिलच्या मध्यात ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांचं, नववर्ष येतं. त्या दिवसांत बरीच दुकानं बंद असतात, सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो आणि गाड्यांचे दर चढतात. पहिल्याच सहलीला तो आठवडा नको.

२. कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, पण त्यासाठी पुण्याला जायलाच पाहिजे असं नाही. कोल्हापुरात पोस्टामधलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरून तारीख घ्यायची. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळसाठी वर २००० जास्त. पोलीस पडताळणीसाठी घरी कुणीतरी असेल असं बघा.

आपल्याकडं नेहमी अडतं ते नावावर. आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव एकाच कागदावर. हे सगळं अर्जाआधी एकसारखं करून घ्या. आणि विमानाचं तिकीट काढताना नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर टाका.

व्हिसा दोन प्रकारे मिळतो: घरबसल्या ई-व्हिसा किंवा विमानतळावर उतरल्यावर. पर्यटक व्हिसाचं मूळ शुल्क ३० डॉलर आणि मुक्काम ३० दिवस. मी ई-व्हिसाच सुचवीन, म्हणजे रात्रभर प्रवास करून उतरल्यावर रांगेत फॉर्म भरत बसायला नको. पण खरं सरकारी संकेतस्थळ तेच, ज्याचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट केएच’ने संपतो. हुबेहूब तसंच दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी स्थळं शोधात आधी वर येतात. यात बरेच जण सापडतात.

शिवाय ‘ई-अरायव्हल’ नावाचा डिजिटल फॉर्म आहे. पोचायच्या आधीच्या सात दिवसांत तो भरायचा. त्याला शुल्क नाही; कुणी मागितलं तर ते स्थळ खोटं समजा.

सोबत ठेवायचं:

- परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट आणि त्याच्या दोन छायाप्रती
- ई-व्हिसाची छापील प्रत, एकाला दोन
- ई-अरायव्हलचा क्यूआर कोड, फोनमध्ये आणि कागदावर
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग
- पासपोर्ट मापाचे चार फोटो
- प्रवास विमा
- रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट
- राजधानी नोम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर, कागदावर लिहिलेला

विमा घेताना एक बघा: गंभीर दुखण्यात दुसऱ्या देशात हलवायचा खर्च त्यात आहे का? मोठं काही झालं तर तिथून अनेकदा बँकॉकला न्यावं लागतं आणि तो खर्च आपल्या आवाक्यातला नसतो.

३. पैसे

कंबोडियाचं चलन रिएल, पण रोजच्या व्यवहारात अमेरिकन डॉलरही तितकाच चालतो. एका डॉलरला साधारण ४००० रिएल धरा. तुम्ही पाच डॉलर दिले आणि बिल साडेतीन झालं, तर एक डॉलरची नोट आणि २००० रिएल परत मिळतील. सेंटची नाणी तिथं नसतातच.

कोल्हापुरात परवानाधारक विदेशी चलनवाल्याकडून डॉलर घ्या. पॅन कार्ड, पासपोर्ट, तिकीट लागेल. काउंटरवरच प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. किंचित फाटलेली, शाई लागलेली, फार चुरगळलेली नोट कंबोडियात कुणी घेत नाही, मग ती खरी असली तरी. शंभराच्या नोटा कमी घ्या. एक, पाच आणि दहाच्या जास्त. रिक्षावाल्याला, नारळवाल्याला शंभराची नोट दाखवून काही होत नाही. तिथं सुट्टे परत घेतानाही फाटकी नोट आली तर हसून परत करा, ते समजून घेतात.

४. पोचायचं कसं

मुंबई गाठायला आपल्याला महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, रात्रीच्या खासगी गाड्या आहेत, उजळाईवाडीहून विमान आहे. मुंबईत हाताशी सहा-सात तास तरी ठेवा, पावसाळ्यात जास्त. पुढं बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाता येतं. शक्यतो एकाच बुकिंगमध्ये सलग तिकीट घ्या. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली की मधल्या देशात उतरून सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. सिंगापूरला आपल्याला लागतो.

थायलंडमधून बसनं सीमा ओलांडायचा सल्ला जुन्या लेखांत सापडेल. तो आता विसरा. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सीमेवर संघर्ष पेटला आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. विमानानंच जा, सीमेलगतची देवळं यादीतून काढा आणि निघण्याआधी दूतावासाच्या सूचना वाचा.

सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो गावापासून चांगलाच लांब आहे, जवळजवळ तासाची वाट. हॉटेलला आधी कळवून गाडी ठरवा.

५. बॅगेत काय

सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचेही. नायलॉनचा टी-शर्ट दमट हवेत अंगाला चिकटून बसतो.

कोल्हापुरी चप्पल माझी लाडकी, पण ती अंगकोरला नको. शेकडो वर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत, पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत आणि चामड्याचा तळ त्यावर घसरतो. रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट घ्या, आणि आधी पंधरा दिवस रंकाळ्याला फेऱ्या मारून ते पायात मुरवा.

ओआरएसची पाकिटं, डास पळवायचं मलम (डेंग्यू तिथं आहे), टोपी, छोटी विजेरी. खाण्यातलं म्हणाल तर लसणाची चटणी, मेतकूट, भडंग. तिथल्या जेवणात तिखट बेताचंच असतं. मिरची वेगळ्या वाटीत देतात.

जाण्याआधी एक रविवार खिद्रापूरला द्या. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं कोपेश्वर मंदिर आणि अंगकोरमधलं सगळ्यात मोठं देऊळ अंगकोर वाट, दोन्ही साधारण एकाच काळातली. स्वर्गमंडपात उभं राहून खांब, छत, कोनाडे, शिल्पपट्ट्या निवांत बघायची सवय लावली की तिकडं गेल्यावर नजर आपोआप थांबायला शिकते.

६. पहिला दिवस

पोचल्यावर त्याच दिवशी देवळांकडं धावू नका. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढं आहे. पहाटे चारला उठायचं म्हणजे शरीराच्या हिशेबानं अडीचला. झोप काढा, पाणी प्या. फोनमध्ये तिथलं सिमकार्ड टाकून घ्या आणि रिक्षा-गाडी बोलवायला ग्रॅब किंवा पासअॅप यांपैकी एक अॅप उतरवा. भाडं आधी दिसतं, घासाघीस करायला लागत नाही. रस्ता ओलांडताना सांभाळा, वाहनं उजव्या बाजूनं चालतात. आपली नजर सवयीनं चुकीच्या दिशेला जाते. भाड्यानं दुचाकी घेऊ नका. तिथला चालणारा परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो.

संध्याकाळी अंगकोरचं तिकीट काढा. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, दिवस सलग असायची गरज नाही. त्यामुळं मधे एक दिवस विश्रांती घेता येते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तेच घ्यावं. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाच्या पुराव्याला पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटावर तुमचा फोटो छापतात, म्हणून ते दुसऱ्याला चालत नाही. कुणी ‘अर्धं वापरलेलं’ विकायला आलं तर नाही म्हणा. अधिकृत केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. संध्याकाळी पाचनंतर काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून मोजलं जातं आणि त्या संध्याकाळचा सूर्यास्त वर मिळतो.

७. दिवस उन्हावर लावा

तिघं-चौघं असाल तर पूर्ण दिवसासाठी एक रिक्षा ठरवा. तिथली रिक्षा म्हणजे दुचाकीला जोडलेला चार जणांचा उघडा टांगा. चालताना वारा लागतो. रिक्षावाल्याला आदल्या दिवशीच सांगा: पहाटे पाचच्या आधी निघायचं, अकराला हॉटेलवर परत, तीननंतर पुन्हा. ‘छोटा फेरा’, ‘मोठा फेरा’ असे त्यांचे ठरलेले मार्ग आहेत, पहिला १७ किलोमीटरचा, दुसरा २६ किलोमीटरचा. दोन्ही एका दिवसात कोंबायचा आग्रह कुणी केला तर ऐकू नका.

सकाळची पाच ते दहा ही खरी वेळ. अंगकोर वाट पाचला उघडतं, बाकीची बहुतेक देवळं साडेसातला. अकरा ते तीन उन्हात उभं राहू नका. दगड सकाळभर तापतो आणि दुपारी खालूनही आच देतो. बायॉनसारख्या उघड्या देवळात, किंवा प्रे रूपच्या उंच पायऱ्यांवर, त्या वेळी चढणं धोक्याचं आहे. दुपारी बाहेर राहावंच लागलं तर ता प्रोम किंवा प्रेआ खानकडं जा. तिथं मोठ्या झाडांची सावली आहे. ता प्रोममध्ये झाडांची मुळं भिंतींवरून उतरून दारांना विळखा घालून बसलेली आहेत. गर्दी असते, पण सावलीत थांबून बघता येतं.

पाणी तहान लागायच्या आधी प्या. नुसतं साधं पाणी पीत राहिलात आणि घामातून मीठ जात राहिलं तरी गळायला होतं, म्हणून दिवसातून दोनदा ओआरएस. नारळपाणी जागोजागी मिळतं, उसाचा रसही. कपाळ ठणकायला लागलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर ‘एवढं एक देऊळ बघू’ म्हणू नका. सावलीत बसा, मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवा. घाम येणं थांबलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. अंगावर पाणी मारत थेट दवाखाना गाठायचा. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

पहिल्याच दिवशी बाजारातून एक ‘क्रमा’ घ्या, चौकटीचं सुती वस्त्र. आपल्या शेतकऱ्याच्या खांद्यावरच्या टॉवेलाला जी कामं असतात ती सगळी त्याला आहेत: घाम पुसायला, डोक्याला बांधायला, लेकराची झोळी करायला, आंघोळीला. ओलं करून मानेभोवती गुंडाळलं की ऊन निम्मं सोसतं.

८. अंगकोर वाट कसं वाचायचं

हे देऊळ राजा दुसरा सूर्यवर्मन यानं बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधायला घेतलं. पुढं ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथं पूजा चालते. त्याचं तोंड पश्चिमेला आहे. अंबाबाईच्या देवळाचंही पश्चिमेलाच, म्हणून तर आपल्याकडं नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण देवीच्या चरणांवर येतात. अंगकोर वाटला उलटं: सकाळी सूर्य देवळाच्या पाठीमागून शिखरांवर चढतो, आणि २१ मार्च, २३ सप्टेंबरच्या सुमाराला तो मधल्या शिखराच्या टोकावर येतो. सगळी गर्दी डाव्या हाताच्या तळ्याकाठी प्रतिबिंबासाठी दाटते. फोटो हवा असेल तर तिथं थांबा. नको असेल तर थोडं मागं, भिंतीच्या पायऱ्यांवर बसून शांतपणे बघता येतं.

सूर्य वर आला की बरीच गर्दी नाश्त्याला परत जाते. तीच तुमची वेळ. पश्चिमेकडचा सज्जा, म्हणजे कोरीव भिंतीची लांब ओसरी, सकाळी सावलीत असतो. आता एक महत्त्वाचं: देवळात शिरलं की आपले पाय सवयीनं डावीकडं, प्रदक्षिणेला वळतात. इथं उजवीकडं वळा. अंगकोर वाटच्या शिल्पपट्ट्या उलट्या फेऱ्यानं, देऊळ डाव्या हाताला ठेवून वाचायच्या आहेत.

उजवीकडं वळताच कुरुक्षेत्र सुरू होतं. जवळजवळ पन्नास मीटर लांब भिंत. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, दोन्हीकडून पायदळाच्या रांगा चालत येतायत. कडेला शिस्तीत, मधे येईपर्यंत नुसती हातघाई. पट्टीच्या डाव्या भागात, वरच्या बाजूला बघा, शरपंजरी भीष्म दिसतील. बाणांवर तोललेलं आडवं शरीर, भोवती गोळा झालेली माणसं. पुढं अर्जुनाचा रथ, आणि सारथी कृष्णाला चार हात. मी तिथं उभी असताना शेजारच्या घोळक्याला गाईड सांगत होता, एक म्हातारा योद्धा मरतोय. आपल्याला मात्र त्याची प्रतिज्ञा, शिखंडी, उत्तरायणाची वाट पाहणं सगळं ठाऊक असतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना ‘भीष्म शोध’ म्हणा आणि तुम्ही गप्प राहा.

दक्षिणेला सूर्यवर्मनची मिरवणूक, मग यम आणि चित्रगुप्त, वर स्वर्ग आणि खाली ३२ नरक. पूर्वेला समुद्रमंथन: ८८ देव, ९२ असुर, मधे विष्णू, आणि घुसळलेल्या पाण्यात मधोमध तुकडे झालेले मासे, मगरी. तिथं सकाळचं ऊन येतं, म्हणून टोपी घाला. लंकेचं युद्ध फेरीच्या अगदी शेवटी, पुन्हा पश्चिमेला, सावलीत. एवढं वाचायला दोन-अडीच तास सहज लागतात. मधल्या उंच गाभाऱ्यावर चढायला मर्यादित लोकांना सोडतात, आणि महिन्यातून चार बौद्ध पवित्र दिवशी तो बंद असतो.

बायॉनला गेलात तर सगळे वरचे दगडी चेहरे बघतात. तुम्ही बाहेरच्या सज्जाची भिंत बघा. राजा सातव्या जयवर्मनच्या काळातला बाजार, कोंबड्यांची झुंज, चुलीवरचा स्वयंपाक, कुस्ती. खासबाग मैदानाजवळ वाढलेल्या माणसाला ती कुस्ती बघून बरं वाटेल. त्यांची ‘बोकाटोर’ ही युद्धकला २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेई. ९६७ साली प्रतिष्ठा झालेलं गुलाबी वालुकाश्माचं छोटं शिवमंदिर, गावापासून पस्तीसेक किलोमीटर. नक्षी एवढी बारीक की दगड कोरलाय की लाकूड असा प्रश्न पडतो. सकाळी लवकर गाठा.

९. बांतेय स्रेईच्या वाटेवरचा गूळ

याच वाटेवर प्रेआ दाक नावाचं गाव लागतं, आणि कोल्हापूरकरानं तिथं उतरलंच पाहिजे. रस्त्याच्या कडेला मातीच्या चुली, त्यावर मोठ्या कढया आणि कढईत ताडाचा रस उकळतोय. तिथं ऊस नाही, ताड. कोरड्या महिन्यांत माणसं बांबूची शिडी चढून फुलोऱ्याचा दांडा कापतात, त्याला नळी बांधतात आणि सकाळ-संध्याकाळ रस उतरवतात. तो लवकर आंबतो, म्हणून लगेच चुलीवर.

बाई काविलत्यानं ढवळत असते. रस आधी दुधाळ, मग सोनेरी, मग मधासारखा दाट. थेंब गार पाण्यात टाकून गोळी जमते का ते बघणं आपल्या गुऱ्हाळातल्या गुळव्याला शिकवायला नको. पाक आला की कढई उतरवून घोटायचा आणि ताडपानाच्या कड्यांत ओतायचा. रुपयाएवढ्या जाड वड्या तयार. चव आपल्या गुळाहून हलकी, धुरकट. खुणांनी विचारलंत की आम्ही पण गूळ करतो, तर ढवळायला काविलता हातात देतात. विकत घ्या, ताडपानात बांधलेल्या पुड्या घरी न्यायला सोप्या.

याच गावात सकाळी ‘नोम बान चोक’ मिळतं, तांदळाच्या ताज्या शेवया आणि त्यावर माशांची हिरवट पातळ आमटी. मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये.

तोन्ले साप तळ्यावरची उंच खांबांवरची गावं बघायची असतील तर पावसाळ्यानंतर जा, आणि सगळ्यात जवळच्या, महागड्या धक्क्याऐवजी कोम्पोंग फ्लुकचा विचार करा. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तिचं पाणी तोन्ले साप नदीत उलटं शिरतं आणि तळं कितीतरी पटींनी पसरतं. फुगवटा म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथं मात्र त्याच फुगवट्यावर मासे आणि शेती जगते. मार्च ते मे तळं आटलेलं असतं, तेव्हा जाऊ नका.

१०. खाणं

मांसाहारी माणसाची चैन आहे: केळीच्या पानातला वाफवलेला मासा ‘आमोक’, काळ्या मिरीच्या चटणीबरोबरचं परतलेलं मांस ‘लोक लाक’ (हे बहुतेकदा गोमांसाचं असतं). गोमांस टाळायचं असेल तर ‘साच को’ हे शब्द लक्षात ठेवा, ते गोमांस. ‘साच मोआन’ कोंबडी, ‘साच च्रूक’ डुक्कर.

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. भाजीतही माशाचं पाणी पडतं, आंबवलेल्या माशाचा ‘प्राहोक’ तर बऱ्याच चटण्यांत असतो. ‘मांस नको’ म्हटल्यावर लोक मांस वगळतात, मासा नाही. म्हणून ‘कोम डाक तुक त्रेय’, म्हणजे माशाचं पाणी घालू नका, हे वाक्य फोनमध्ये ख्मेर लिपीतही ठेवा आणि दाखवा. सिएम रीपमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, दोन वेळचं पोट भरतं. बर्फ मधे गोल भोक असलेला, कारखान्यातला असेल तर घ्या. फोडलेल्या लादीचा टाळा.

११. रीत

हात जोडून नमस्कार करणं तिथंही आहे. मोठ्यांना जरा उंच हात, भिक्खूंना आणखी उंच. ‘ऑकुन’ म्हणजे आभार, हा एक शब्द दिवसभर पुरतो. विहारात चपला बाहेर, पाय मूर्तीकडं करून बसायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये किंवा वस्तू थेट हातात देऊ नये; समोर ठेवावी. चढ्या आवाजात भांडणं तिथं फार वाईट समजतात.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या, म्हणजे कट्टर साम्यवाद्यांच्या, राजवटीत सतरा लाखांच्या वर माणसं मेली असं मानतात. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कुणीतरी गेलेलं आहे. नोम पेन्हला गेलात तर त्या काळातल्या तुरुंगाचं, तुओल स्लेंगचं, संग्रहालय बघा, लहान मुलांना नेऊ नका. पण रिक्षावाल्याला सहज ‘तुमच्या घरातलं कोण गेलं?’ असं विचारू नका. त्यानं स्वतःहून सांगितलं तर ऐका. त्या काळात राजदरबारी नर्तकांची जवळजवळ पिढीच संपली. वाचलेल्या मोजक्या गुरूंनी पुढं नाच शिकवला. अप्सरा नृत्याचा कार्यक्रम बघताना एवढं मनात असू द्या, आणि जेवणाबरोबरच्या स्वस्त कार्यक्रमापेक्षा खऱ्या मंडळीचा, नीट तिकिटाचा कार्यक्रम निवडा.

१२. कुठं फसवतात

कडेवर बाळ घेऊन बाई येते, पैसे नको, दुधाचा डबा घेऊन द्या म्हणते. डबा नंतर दुकानात परत जातो. देवळापाशी पोस्टकार्डं विकणाऱ्या मुलांकडून घेतलंत तर ते मूल उद्याही शाळेत जाणार नाही. अनाथाश्रम दाखवायला नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. पर्यटकांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलं तिथं ठेवली जातात. मदत करायची असेल तर गावकऱ्यांनी केलेली वस्तू विकत घ्या.

आडवाटेला पायवाट सोडू नका. युद्धातले भूसुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत. सिएम रीपमध्ये एक केंद्र आहे, तिथं सुरुंगाचा वास ओळखायला शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर बघता येतात. मुलांना फार आवडतं.

आणि हे आपल्या तरुण पोरांसाठी, कळकळीनं. ‘कंबोडियात कॉम्प्युटरवर डेटा एन्ट्रीची नोकरी, महिना एवढे डॉलर, पर्यटक व्हिसावर या’ असा निरोप आला तर जाऊ नका. अशा आमिषानं नेलेल्या अनेक भारतीयांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडलं गेलं आणि दूतावासाला त्यांना सोडवावं लागलं. नातेवाईक किंवा गल्लीतला मित्र मधे असला तरी नाही. आधीच कुणी अडकलं असेल तर दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर लगेच कळवा.

१३. परत येताना

आणण्यासारखं: क्रमा, ताडाचा गूळ, कंपोटची मिरी. मिरी २०१० पासून भौगोलिक मानांकनाची आहे, खरी घ्यायची तर बंद पाकिटावरचा शिक्का बघा. तिची पूड करून पांढऱ्या रश्श्यात टाकून बघा. जुनी मूर्ती किंवा दगडाचा तुकडा कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी नको; तो चोरीचा असतो आणि नेणं गुन्हा आहे. व्हिसाचे ३० दिवस मोजताना उतरल्याचा दिवसही धरा, जास्त राहिल्यास दिवसाला १० डॉलर दंड पडतो. उरलेले रिएल तिथंच खर्च करा किंवा डॉलर करून घ्या. कोल्हापुरात ते कुणी बदलून देणार नाही.